पितृपक्षातलं लग्न

आमच्या नातेवाइकांत अजूनही माझा उल्लेख ‘ती, पळून गेलेली’ असाच होतो. माझे केस पिकले, मुलीचं लग्न होऊन तिची मुलं शाळेत जायला लागली, पण तो शब्द काही म्हातारा व्हायला तयार नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणून एकदा लिहूनच ठेवते. मी पळाले नाही. मी सक्करदऱ्याच्या स्टॉपवर पंधरा मिनिटं उभी राहिले, सिटी बस आली, तिकीट काढलं आणि खिडकीशी बसून गेले. घरातून निघाले तेव्हा वहिनीनं स्वतः फाटक उघडून दिलं होतं. आणि लग्न करून त्याच दुपारी, त्याच फाटकातून परत आले. पळून गेलेली माणसं जेवायच्या वेळेला घरी येत नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील वारल्यावर भावानं आईला आणि मला कळमेश्वरकडच्या आमच्या गावाहून नागपुरात आणलं. सक्करदऱ्याला त्याचं तीन खोल्यांचं घर होतं, पुढे अंगण, मागे पत्र्याची सपरी. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. आणि तो कन्हानचा, इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवर बसायचा. दोन बोटांनी टायपायचा आणि चुकला की स्वतःशीच हसायचा. मला आधी त्याचा राग आला, मग सवय झाली, मग तो एक दिवस आला नाही तर माझ्याच चुका व्हायला लागल्या.

त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तो तेव्हा आईचं बोट धरून गर्दीत उभा होता. आम्ही गावचे जमीनवाले. आमच्या गावात त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती, आणि ती वेगळी का, हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. विचारायला मला चोवीस वर्षं लागली. त्याची मला आजही लाज वाटते.

लग्न रजिस्टरच करायचं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. पोळ्याच्या आठवडाभर आधी आम्ही कलेक्टर कचेरीच्या आवारात जाऊन नोटीस दिली. ती नोटीस तीस दिवस फलकावर लागते, कुणाला हरकत असेल तर त्यानं तोवर घ्यायची. हरकत आली नाही की मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत केव्हाही लग्न करता येतं. आमचा विचार दिवाळीनंतरचा होता. त्या फलकासमोरून आमच्या गावची निम्मी माणसं सातबाऱ्यासाठी जा-ये करायची, त्यातल्या एकानं जरी नाव वाचलं असतं तरी संपलंच होतं. पण दोन दिवसांत कुणीतरी आमच्या नोटिशीवरच रॉकेलच्या कोट्याचं पत्रक डकवलं. लोक पत्रक वाचायचे आणि आपापल्या डब्याची काळजी करत निघून जायचे.

नोटीस नाही, पण आम्ही मात्र दिसलो. गणपतीच्या दिवसांत भावाच्या ओळखीच्या कुणीतरी आम्हाला स्टॉपवर बोलताना पाहिलं. भाऊ मला ओरडला नाही, त्यानं स्कूटर काढली. रोज सकाळी मला कचेरीत सोडायचं, संध्याकाळी फाटकाशी उभं राहायचं. शिपाई मला म्हणायचा, ‘‘बाई, तुमचा बॉडीगार्ड आला.’’ मी हसून दाखवायची आणि आतून जळायची.

पितृपक्ष लागला आणि स्कूटर बंद झाली. एक तर चातुर्मास, त्यात पितृपक्ष. या पंधरा दिवसांत आमच्या घरात कुणी साधा चमचा विकत आणत नसे, तर पोरगी लग्न कुठून करणार? भाऊ अडाणी नव्हता, चांगला शिकलेला होता. पण पंचांगात मुहूर्त नाही म्हणजे जगातच नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं निश्चिंत होऊन पहारा उठवला.

आणि एका शुक्रवारी संध्याकाळी पत्र आलं. भावानं माझ्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं, ते लोक घटस्थापनेला येणार होते. आले की तिथेच साखरपुडा. भाऊ जेवता जेवता मला म्हणाला, ‘‘नोकरी आता बस झाली. राजीनामा लिहून टाक. उद्या ऑफिसात तूच टाईप करून आण, मी पाहून घेतो.’’

‘‘मले विचारलं कोणी?’’ मी म्हणाले.

‘‘तुले काय विचारायचं? लेकराले विचारून औषध देत असते काय?’’

माझाच राजीनामा मीच टाईप करून आणायचा! ताटात अन्न होतं, म्हणून ते तिथेच राहिलं, नाहीतर मी ते भिंतीवर मारलं असतं. रात्रभर मी तेच मनात घोळवत होते. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, हा माणूस. आणि दुसरी, उजळ माथ्यानं या घरात शिरायचा हक्क. पहिली मिळवून दुसरी सोडायची, असं बऱ्याच मुली करतात. त्यांना पर्याय नसतो. मला दोन्ही पाहिजे होत्या.

शनिवारी सकाळी कचेरीतून मी त्याच्या शाळेत फोन लावला आणि एवढंच सांगितलं, ‘‘सोमवारी करू शकलो तर होईल. नाहीतर होणार नाही.’’ तो शाळा सुटताच सायकलवरून विवाह अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेला. तीस दिवस नुकतेच भरले होते आणि हरकत एकही आलेली नव्हती. कारकुनानं त्याला दोनदा विचारलं, ‘‘सोमवारी? पितृपक्षात?’’ मग रजिस्टर उघडून म्हणाला, ‘‘या. साहेब रिकामेच आहेत. पंधरा दिवस इकडे कुत्रं फिरकत नाही.’’ इतक्या ऐनवेळी आम्हाला सकाळी अकराची वेळ मिळाली. ती आमच्या पूर्वजांची कृपा, असं मी अजूनही म्हणते.

राहिला प्रश्न घराबाहेर पडायचा. सोमवारी बाबांची तिथी होती, घरी श्राद्ध होतं. काका येणार, चुलतभाऊ येणार, वीस-पंचवीस पानं. भावानं मला रजा घ्यायला लावली होती; राजीनामा मंगळवारी टाईप करते, असं सांगून मी तो टाळला होता. वडे तळायला मी, खीर ढवळायला मी, पानं पुसायला मी.

सोमवारी पहाटे उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबून वहिनीला म्हणाले, ‘‘वहिनी, मी बाहेरची झाले.’’

तिच्या हातातली परात खाली आली. ‘‘आज? आजच?’’

आमच्याकडे बाहेरची झालेली बाई चार दिवस मागच्या सपरीत बसायची. वेगळी चटई, वेगळा तांब्या, ताट लांबून सरकवायचं. तेराव्या वर्षापासून मी ते दिवस असेच काढले होते, आधी गावच्या, मग इथल्या पत्र्याखाली, उन्हाळ्यात अंग भाजत. आणि श्राद्धाच्या दिवशी तर अशा बाईची सावलीसुद्धा नको. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘सैपाकाले हात नको लावू बाप्पा. अन् सपरीतबी नको बसू, काकाजी मागूनच येतात हात धुवाले. जाय तू आफिसात. रजा फिरवून टाक. संध्याकाळी ये.’’

‘‘दादा रागावला तर?’’

‘‘त्याईले मी सांगतो. तू जाय न वं!’’

आई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली. आठवड्यापूर्वीच मी सपरीत बसून उठले होते. वहिनी तेव्हा माहेरी होती, पण ताट सरकवणारी आई होती. तिला माझे दिवस माझ्यापेक्षा जास्त पाठ असायचे. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, संपलं. आणि ती लाकूड आत सारून म्हणाली, ‘‘जाय. ऊन चढायच्या आत जाय.’’

विटाळशी बाई चांगलं नेसत नाही, म्हणून मला नेहमीचं जुनं, धुऊन धुऊन विटलेलं सुती पातळ नेसूनच निघावं लागलं. पदराजवळ ठिगळ होतं. वहिनीनं हात लांब करून फाटक उघडलं आणि मी जाताना अंग चोरून घेतलं. जन्मभर ज्या विटाळानं मला कोपऱ्यात बसवलं होतं, त्यानंच आज मला दार उघडून दिलं. बसमध्ये बसल्यावर मला हसू यायला लागलं, इतकं की शेजारची बाई सरकून बसली.

कलेक्टर कचेरीच्या आवारात तो उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. माझ्या कचेरीतली मैत्रीण पिशवीत तिची रेशमी साडी घेऊन आली होती. म्हणाली, मागे बायकांच्या खोलीत बदलून घे. मी म्हणाले, नाही. ज्या पातळाला आज आमच्या घरात कुणी बोट लावलं नसतं, त्यातच मी लग्न करणार. मैत्रीण म्हणाली, फोटोत काय दिसेल? फोटो काढणाराच नव्हता, तेव्हा ते भांडण तिथंच मिटलं. हारही मिळाले नाहीत. फुलवाला म्हणाला, पितृपक्षात लग्नाचे हार कोण करतो? झेंडूची दोन हात माळ तेवढी मिळाली, ती आम्ही मधोमध तोडली.

आणि मग कळलं की तिसरा साक्षीदार नाही. तीन लागतात. माझी मैत्रीण एक, त्याचा मित्र दुसरा. तिसरे त्याच्या शाळेतले एक गुरुजी, जातिभेदावर भाषण करायचं म्हटलं की पहिले उठणारे. त्यांचा निरोप आला: ‘नवरात्रात ठेवलं असतं तर अवश्य आलो असतो.’ त्यानं निरोप्याला नुसतं ‘बरं’ म्हटलं. मी मात्र त्या गुरुजींना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पायऱ्यांवर एक म्हातारी बसली होती, पेन्शनच्या कामासाठी आलेली, मांडीवर कागदांचं गाठोडं. आमचं बोलणं ती मघापासून ऐकत होती. तिनं विचारलं, ‘‘काय होऊन राहिलं वं पोरी?’’ मी सांगितलं. सगळं सांगितलं, तो कोण, मी कोण, घरी आज काय आहे, सगळं. माझ्यात तेव्हा काही लपवायचं त्राणच नव्हतं. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्या ठिगळाकडे पाहिलं.

‘‘मले सही येत नाई,’’ ती म्हणाली. ‘‘अंगठा चालते काय?’’

कारकून म्हणाला, चालतो.

‘‘मंग चाल. या अंगठ्यानं आजवर कोणाचं भलं झालं नाई. एखादं होऊ दे.’’

आत खोलीत एक पंखा, एक टेबल, भिंतीवर कॅलेंडर. अधिकारी वयस्कर होते, चष्मा कपाळावर. आम्हाला एकेक वाक्य म्हणायचं होतं. त्यानं म्हटलं, हळू आवाजात, वर्गात पहिल्या दिवशी मुलं म्हणतात तसं. मग मी म्हटलं, ‘‘मी तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.’’ इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाजूच्या खोलीतले दोन शिपाई डोकावले. अधिकारी म्हणाले, ‘‘बाई, मला ऐकू येतं.’’ मी म्हणाले, ‘‘तुमच्यासाठी नाही म्हटलं, साहेब.’’ मग सह्या झाल्या आणि म्हातारीनं अंगठा उठवला. उरलेली शाई तिनं बोटानं माझ्या हनुवटीवर टेकवली, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘‘कन्हानला चलायचं ना? आई वाट पाहतेय.’’

‘‘चलायचं. आधी सक्करदऱ्याला.’’

मित्रानं डोक्याला हात लावला. मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, पत्र लिही, आठ-पंधरा दिवस जाऊ दे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. आज गेले नाही तर संध्याकाळी सहा वाजता मी ‘पळाली’ होणार होते. त्यानं आपली सायकल मित्राच्या हाती दिली. भीती त्यालाही होती, आणि माझ्यापेक्षा जास्त कारण होतं. मार बसलाच असता तर त्याला बसला असता. मग म्हणाला, ‘‘मीही येतो. चोरी केली नाही आपण.’’

सायकलरिक्षानं गेलो. गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत घरापर्यंत आलो. अंगणात सगळी मंडळी उभी, माना वर करून. छपरावर पानात वाढून ठेवलं होतं आणि कावळा येत नव्हता. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय पंगत बसायची नाही, आणि दीड वाजून गेला होता. काका भुकेनं कावले होते. ते भावाला म्हणत होते, ‘‘त्याची काहीतरी इच्छा राहिली गा. पोरीची काळजी होती त्याले. बोल काहीतरी.’’

माझ्या भावानं हात जोडले आणि छपराकडे पाहून म्हणाला, ‘‘बाबा, पोरीची चिंता करू नका. दसऱ्याच्या आत तिचं लग्न ठरवतो.’’

‘‘ठरवू नको,’’ मी फाटकातून म्हणाले. ‘‘झालं.’’

सगळ्या माना एकदम खाली आल्या. मी कागद उघडून धरला. भावानं कागदाकडे पाहिलं नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. ‘‘कोण आहे हा?’’ मी नाव सांगितलं. आमच्याकडे नाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

पण पहिली किंकाळी वहिनीची होती. ‘‘म्हणजे तू बाहेरची नव्हती?’’

‘‘नव्हते.’’

‘‘मंग सकाळपासून वडे मी एकटीनंच तळले न वं!’’

मला त्याही वेळी हसू आलं, आणि तेच भावाला लागलं. तो धावून आला. ह्याची कॉलर धरली. ह्यानं हात वर केला नाही, मागेही सरला नाही. मी दोघांच्या मध्ये शिरले. काका ओरडले, बापाच्या तिथीला मारामारी नको. मग शब्द सुरू झाले. कोणते, ते मी लिहीत नाही. ज्यांनी ते कधी ऐकले त्यांना पाठ आहेत, आणि ज्यांनी उच्चारले त्यांना आठवत नाहीत. त्या गोंधळात कावळा केव्हा आला आणि केव्हा गेला, कुणी पाहिलंच नाही. मी वर पाहिलं तेव्हा पानातला वडा नव्हता.

इतक्यात आई आतून आली. हातात वाढलेलं ताट होतं, खीर, कढी, वडे, सगळं. कुणाकडे न पाहता ती अंगण ओलांडून आली आणि ताट ह्याच्यापुढे धरलं. ‘‘जावई हो, जेवा.’’

माझे डोळे भरून आले. आणि ह्यानं हात जोडले.

‘‘आई, रागावू नका. आम्ही श्राद्धाचं जेवत नाही. दीक्षेच्या वेळी आईनं शपथ घेतलीय, मीही पाळतो.’’

मला त्याचा असा संताप आला! जिनं नवऱ्याच्या तिथीला, सगळ्या भावकीसमोर, त्याला ताट आणून दिलं, तिला नाही म्हणायचं? एक घास खाल्ला असता तर कुठं काय बिघडलं असतं? मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो हलला नाही. काका मोठ्यानं हसले, ‘‘पाहा! ताट नेऊन देल्लं, तरी नाही म्हणते. आता याईचीबी शिवाशिव आपल्याले!’’

आई ताट धरून उभी होती. तिनं त्याला विचारलं, ‘‘तुह्या मायनं शपथ घेतली?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मोडू नको.’’

तिनं ताट भावाच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं, कारण आई काही देते तेव्हा हात आपोआप पुढे होतात. मग ती अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथे आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. तिनं त्यावरचं पातेलं उतरवलं, फुंकून विस्तव जागा केला. वहिनीला म्हणाली, ‘‘ज्वारीचं पीठ दे. अन् बेसन. अन् दोन कांदे.’’ वहिनी जागची हलली नाही, तेव्हा आई स्वतः आत जाऊन घेऊन आली. पदर खोचला, परात मांडली, पीठ मळायला बसली. नवऱ्याच्या श्राद्धाला, पंगत खोळंबलेली असताना, बाहेरच्या चुलीवर झुणका-भाकर. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या हनुवटीवरची शाई पाहिली, पिठाचं बोट लावून ती पुसायला गेली, आणि मग राहू दिली.

‘‘आठ दिस झाले तुले उठून,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मले वाटलं, नुसती भेटून येशील.’’

छपरावरच्या पानातला वडा गेलेला पाहून भावानं सगळ्यांना आत घेतलं. पानं मांडली गेली, पाटांचे आवाज आले. तो दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘‘आजपासून हे दार तुले बंद. समजलं?’’ त्यानं एक दार ओढलं, दुसऱ्याला हात घातला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

‘‘माय, आत ये.’’

आईनं भाकर थापली.

‘‘माय, आत ये म्हणतो ना! दार लावून राहिलो मी.’’

‘‘लाव गा,’’ आई म्हणाली. ‘‘माही भाकर तव्यावर आहे.’’